माहेरची वायर

४ ऑक्टोबर

चि. खिळ्या,

आशीर्वाद. माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. गेलंय ते माझं कपाट.

कुठलं कपाट, ते तुला ठाऊक असायचं कारण नाही. बाबा गेल्यापासून तुझी माझी एका ओळीची गाठ नाही. तेव्हा ऐक. ह्यांची नजर अधू झाली, ट्रक सुटला, आणि घर माझ्यावर आलं. मी मासे मिठाच्या पाण्यात मुरवते, धुरावर शिजवते आणि हॉटेलांना देते. त्यासाठी विजेवर चालणारं धुराचं कपाट घेतलंय. माझ्या खांद्याला लागेल एवढं उंच, लोखंडी, आत जाळीचे ट्रे. तळाशी कॉइल, कॉइलवर लाकडाच्या भुशाचं पसरट भांडं. कॉइल तापली की भुसा धुमसतो, मासा शिजतो आणि त्याला तांबूस रंग येतो. यात काही जादू नाही.

तर हे कपाट गेल्या आठवड्यापासून तापत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, आकडे दिसतात, आणि आत मढ्यासारखं गार. पहिल्या दिवशी मला कळलंच नाही. मी आपली भांडी घासत बसले, आणि दार उघडलं तर मासे जसे ठेवले तसेच ओले, माझ्याकडे बघत पडलेले. दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने बाहेरून दोन टपल्या मारल्या आणि 'नवीन घ्या' म्हणाला. टपल्या मारायला मलाही येतात. ह्यांचं म्हणणं, तुझ्या हाताला यंत्राचं यश नाही. हॉटेलच्या आचाऱ्याने निरोप धाडलाय, आणखी थोडे दिवस थांबतो, मग दुसरीकडून घेईन. तो गेला की बाकीचेही जातील, आणि मग आम्हा दोघांच्या ताटात काय पडेल ते मला खरंच माहीत नाही. म्हणून अभिमान गुंडाळून तुला लिहिते आहे.

बाबांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. परवा उघडली आणि त्या तेलकट वासानेच रडू आलं. आठवतं का, आपल्याला कसं शिकवायचे? लाल वायर सासरी जाते, काळी सासरचा निरोप घेऊन परत येते आणि हिरवी म्हणजे माहेर. 'रोज तिच्यातून काही जात-येत नाही रे पोरांनो, पण करंट वाट चुकला की त्याला जायला तेवढं एकच घर.' शाळेत तू मास्तरांना 'माहेरची वायर' म्हणून सांगितलंस आणि अख्खा वर्ग खिदळला. मी अजून तेच म्हणते. दुसरं नाव मला कोणी शिकवलंच नाही.

सांग, कुठून हात घालू?

तुझी ताई


१३ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

पत्र रेशनच्या गाडीने वर आलं. इथे बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, आणि गाडी आठवड्याला एक. त्यामुळे आपलं बोलणं बैलगाडीच्या चालीने होणार, त्याला इलाज नाही. मी इथे शंभर माणसांचे दिवे आणि पंखे सांभाळतो, आणि कोणी मला खिळ्या म्हणत नाही. तुझं पत्र वाचून बरं वाटलं, हे आधी लिहून टाकतो.

आता कपाट. दिवा लागतो म्हणजे वीज आत पोचते. तरी खात्री म्हणून त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघ. मग कपाटाचा प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग उपटून तुझ्या डोळ्यांसमोर ठेव. पाठीचा पत्रा उघड. तिथे एक बारीक बटण असेल. कपाट गरजेपेक्षा जास्त तापलं की ते आपोआप सुटतं. दाबलंस आणि 'टक' झालं तर रोग तोच, आणि औषधही तेच. नाही झालं तर कॉइलकडे वळ. तिची दोन टोकं पाठीमागे बाहेर आलेली असतात. त्यांवरच्या वायरी काढ, बाबांच्या मीटरच्या दोन सुया दोन टोकांना लाव. काटा हलला तर कॉइल जिवंत, ढिम्म राहिला तर मेली. टोकं काळी पडलीत का, तेही बघ. धुराच्या कपाटात चरबी उडते, खारट वाफ असते, टोकं जळणं हे नेहमीचंच. दुरुस्तीवाल्याने पत्रा उघडला नाही म्हणतेस, तर तो दुरुस्तीवाला नव्हता, पाहुणा होता.

घाई करू नकोस. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर, हे बाबाच म्हणायचे, आणि मला तेव्हा फार राग यायचा.

बाबांच्या वेळी मी आलो नाही, ते घाटात दरड कोसळली होती म्हणून. तसा निरोप मी दाजींकडे दिला होता. तो तुझ्यापर्यंत पोचला का, ते मला आजवर कळलेलं नाही. असो.

दोन गोष्टी मात्र आठवणीने कळव. कपाट लावलं की बोर्डावरचा खटका पडतो का? आणि दाजी अजून माझ्या नावाने खडे फोडतात का? पहिलीवरून मला कपाटाचं कळेल, दुसरीवरून मी सुट्टीत तुझ्याकडे यावं की नाही ते.

तुझा,
खिळ्या


२२ ऑक्टोबर

चि. खिळ्या,

आशीर्वाद. टेबललॅम्प लागला. प्लग काढला, ओट्यावर ठेवला, आणि पत्रा उघडेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून होते, मांजर दुधावर ठेवतं तशी. बारीक बटण दाबलं, 'टक' काही झालं नाही. मग मीटर. सुया लावल्या आणि काटा जागचा हलेना. मला वाटलं मीटरच मेला, म्हणून दोन सुया एकमेकींना टेकवून बघितल्या, तर टुणकन उडाला. म्हणजे मीटर शाबूत आणि कॉइल मेली. एक टोक कोळशासारखं काळं होतं, हात लावला तर चुरा पडला. बाबा असते तर म्हणाले असते, 'अगं, ही तर माझ्याआधी गेलेली दिसते.' मला हसू आलं, आणि मग पत्र्यापाशी बसून रडले. हे शेजारीच होते. टॉर्च तेवढा नीट धरला.

तुला लिहिते हे मी त्यांना सांगून टाकलं. 'बरं' म्हणाले. हो किंवा नाहीपेक्षा ते बरं.

कॉइल इथे मिळत नाही. दोन दुकानं पालथी घातली, दोन्हीकडे पाणी तापवायची कॉइल दाखवतात आणि वर मलाच शहाणपण शिकवतात. जुनीचं माप कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून पाठवते आहे. तिच्यावर कोरलेले आकडेही उतरवलेत. तुला कुठून जमतंय का बघ. मुरवलेले मासे मी अर्धे फेकले, अर्धे शेजारी वाटले. शेजारी माझ्याशी इतकं गोड बोलताना कधी बघितले नव्हते.

अरे हो, शेवटी विचारलं होतंस ते राहिलंच. पूर्वी रोज खटके उडायचे. जेवायला बसलं की हमखास. ह्यांचं डोकं फिरायचं, घास टाकून उठायचे. शेवटी एक दिवस वैतागून ह्यांनी माहेर तोडून टाकलं. तेव्हापासून घरात शांतता आहे, एकदासुद्धा नाही. मला ते पटलं नव्हतं, पण बोलले नाही. रोजच्या कटकटीतून सुटले, एवढंच.

कॉइलचं लवकर बघ.

तुझी ताई


३१ ऑक्टोबर

ताई,

गाडीवाल्याला तुझं माप देऊन शहरातून कॉइल आणवली. या पत्राबरोबर पार्सलमध्ये आहे. टोकांना लावायच्या पितळी चिमट्या नव्या टाकल्यात, जुन्या वापरू नकोस. जळलेली वायर चांगली तांबडी लागेपर्यंत कापायची, सोलायची, चिमटीत घालून पकडीने आवळायची. ओढून बघायची. निसटली तर पुन्हा. मग पत्रा बसवायचा. पहिल्यांदा भुसा न घालता रिकामं तापवायचं, थोडा वास येईल, तो येतोच.

मला याहून जास्त लिहायचं होतं. आता इच्छा नाही.

ताई, 'माहेर तोडून टाकलं आणि शांतता आहे' हे तू किती सहज लिहिलंस. मी ते गाडीच्या उजेडात वाचलं, मग खोलीत नेऊन वाचलं, आणि मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं वाचतोय. पण अक्षर तुझंच आहे. दाजींनी तोडलं, ते मी समजू शकतो. ते माझ्यावर पहिल्यापासून डूख धरून आहेत. पण तू गप्प बसलीस, आणि वर कटकटीतून सुटले म्हणतेस! आपल्या माहेरात आता राहिलंय कोण, मी एकटा. म्हणजे तोडलं ते मलाच. आणि कपाट बंद पडल्यावर बरी आठवण आली माझी. गरज सरो वैद्य मरो हे ऐकलं होतं, इथे तर गरजेपुरताच वैद्य जिवंत केला.

सुट्टीत येणार होतो, गाडीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. आता येत नाही. तुझ्या घरातली शांतता तुला लखलाभ.

कॉइल चालली की नाही, एवढं कळवलंस तर उपकार होतील. नाही कळवलंस तरी चालेल.

खिळ्या


१२ नोव्हेंबर

चि. खिळ्या,

वेड्या, तू बाबांचा मुलगा ना?

खटके म्हणजे बोर्डावरचे खटके रे! तूच विचारलं होतंस ना, खटका पडतो का? मी ताट वाढायच्या वेळेला कपाट लावायची आणि घरभर अंधार व्हायचा, रोज. मग ह्यांनी प्लग उघडला आणि माहेर तोडलं. माहेर म्हणजे हिरवी वायर! पकडीने कापली, टोक आत दुमडून ठेवलं. खटका पडायचा थांबला. एवढंच मी लिहिलं, आणि तू त्यातून केवढं महाभारत काढलंस. मी आधी हसले, मग मला तुझा राग आला, मग तुझी दया आली. किती दिवस तू हे उरात घेऊन बसला असशील.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं होतं. अर्ध्यात अडखळले. हे म्हणाले, वाच सगळं. वाचलं. खिडकीकडे तोंड फिरवलं, दिसत तर धड काही नाही. मग म्हणाले, 'दरडीचा निरोप आला होता. मी सांगितला नाही तुला. मला वाटलं बहाणा करतोय.' मी तेव्हा त्यांना जे बोलले ते तुला लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, 'त्याला ये म्हणावं. मी बोलेन त्याच्याशी.' तेव्हा मुकाट्याने सुट्टी घे आणि ये.

आता आनंदाची बातमी, जी वर लिहायला हवी होती. कपाट तापतं! सांगितलंस तसं सगळं केलं. चिमट्या आवळल्या, ओढून बघितल्या. पाठीचा पत्रा मात्र ह्यांनी बसवला, त्यांना काहीतरी करायचं होतं. वायर जराशी लांब पडत होती, तर गुडघा लावून पत्रा दाबला आणि स्क्रू बोटांनी चाचपत बसवले. मग बटण दाबलं आणि हात धरून दोघं उभे राहिलो, लहान मुलांसारखे. भुसा धुमसला तेव्हा ह्यांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, 'तुझ्या हाताला यश आहे गं.' हॉटेलच्या आचाऱ्याने पहिलीच खेप हसून घेतली.

एकच बारीक तक्रार आहे. दाराची मूठ धरली की हाताला मुंग्या येतात. पूर्वीही कधीमधी यायच्या, मला वाटायचं मिठाचं पाणी कातडीला लागतं म्हणून. आता जरा जास्त येतात. हे म्हणतात वय झालं तुझं. पण म्हणतात तसं आणि आताशा ट्रे स्वतःच काढतात, मला दाराला हात लावू देत नाहीत. फक्त अनवाणी हिंडतात. फरशीवर सतत खारं पाणी, पाय घसरून पडतील एक दिवस, म्हणून मी ओरडत असते. माझ्या रबरी चपला त्यांना लहान होतात. तू येताना त्यांच्या मापाच्या आण.

तुझी ताई


२० नोव्हेंबर

ताई,

कपाटाला हात लावू नकोस. दाजींना लावू देऊ नकोस. वाचतेस तिथूनच त्यांना हाक मार.

आधी बोर्डावरचा मोठा खटका पाड, मग प्लग काढ. त्याआधी कशालाही शिवायचं नाही. मुंग्या मिठाच्या नाहीत आणि वयाच्या नाहीत. लाल वायर पाठीच्या पत्र्याखाली चेंगरली आहे आणि करंट पत्र्यात उतरलाय. पत्र्यात, दारात, मुठीत. माहेर असतं तर तो तिकडून निघून गेला असता आणि खटका पडला असता. खटका तुम्हाला त्रास देत नव्हता, तो ओरडून सांगत होता. आता त्याला जायला एकच वाट आहे, जो दार धरेल त्याच्यातून. तू चपलेमुळे वाचते आहेस. ते अनवाणी आहेत.

मला समजायला हवं होतं. खटक्याचं मीच विचारलं होतं.

वर आलेली गाडी परवा परत खाली उतरेल, तोवर मी थांबत नाही. हे पत्र गाडीवाल्यासाठी ठेवतो आणि आत्ता चालत खालच्या गावात जातो. तुमच्याकडे फोन नाही, म्हणून तिथून तुमच्या शेजारच्या किराणावाल्याला लावेन. लागला आणि तू 'सगळं ठीक' म्हणालीस तर हे पत्र फाडून टाक आणि मला भित्रा म्हण.

खिळ्या


९ डिसेंबर

खिळ्या,

किराणावाल्याने घरी आणून दिलेल्या फोनवर तू रडत होतास आणि मी 'आत्ता येऊ नकोस' एवढंच म्हणाले. मागे घर माणसांनी भरलेलं होतं. आता कोणी नाही, म्हणून लिहिते.

सकाळची खेप होती. मी फरशी धूत होते. हे म्हणाले, 'तू बाजूला हो, मासे झाले असतील, मी काढतो.' मी म्हटलं, पाय पुसा, घसराल. त्यांनी खरंच पाय पुसले, माझ्या पोतेऱ्याला, ते ओलंच होतं. मग मूठ धरली. ओरडले नाहीत. मला वाटलं वाकून आत बघतायत. नंतर बघितलं तर हात सुटत नव्हता.

बाबांनी शिकवलेलं आठवलं. चिकटलेल्या माणसाला शिवायचं नाही, आधी खटका. मी धावत जाऊन खटका पाडला. ते पडले. माझं काही चुकलं नाही, खिळ्या. सगळं बरोबर केलं आणि तरी उशीर झाला.

तुझं पत्र त्यानंतर गाडीने आलं. 'वाचतेस तिथूनच त्यांना हाक मार' असं लिहिलंस. मी मारली. खोटं का सांगू, रिकाम्या घरात मोठ्याने हाक मारली.

काल वायरमन आला. शेजाऱ्यांनी आणला. त्याने प्लग उघडला, कापलेली वायर बघितली आणि जीभ चावली. टोक सोललं, मोठ्या खुंटीत घातलं, स्क्रू आवळला. चहा ठेवला होता, उकळी फुटायच्या आत त्याचं काम झालं. मग त्याने कपाट लावलं आणि बोर्डावरचा खटका धाडकन पडला. घरभर अंधार, तसाच, ताट वाढायच्या वेळचा. तो म्हणाला, 'बघा बाई, हा असा पडायला हवा होता.'

मी त्याला विचारलं, ह्या हिरव्या वायरीला काय म्हणतात तुमच्यात? त्याला वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. 'अर्थिंग म्हणतात बाई. दुसरं काय म्हणणार?'

अर्थिंग. एवढासा शब्द आहे. 'ह्यांनी अर्थिंग तोडलं' असं मी लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी डोंगर उतरला असतास. माझ्या शब्दातून तुला आपलं घर ऐकू आलं, आणि तू रुसलास.

मला तुझा राग आहे. नाही असं लिहिलं होतं, ते खोडलं, वर दिसत असेल. तू रुसायला नको होतंस, एकदा तरी विचारायला हवं होतंस. ह्यांनी निरोप दाबून ठेवायला नको होता. बाबांनी वायरींना नाती चिकटवायला नको होती. मी फोड करून लिहायला हवं होतं. सगळ्यांचाच राग करून झाला, आता करायला कोणी उरलं नाही. आणि तुझ्याशिवाय मला दुसरं कोण आहे, हेही तितकंच खरं आहे.

त्या दिवशीचे मासे आतच राहिले होते. चांगले शिजले होते, रंगही छान आला होता. मी ते पुरले.

तू ये. ह्यांना तुझ्याशी बोलायचं होतं, काय ते मला माहीत नाही, पण ते बसायचे ती जागा दाखवेन. धंदा मी सोडणार नाही, सोडून खाऊ काय? चेंगरलेली वायर बदलायची आहे, ते काम मी त्या माणसाला करू दिलं नाही. तू कर, किंवा मी करते आणि तू टॉर्च धर. मोठ्या चपला आणल्या असशील तर परत करून टाक.

येण्याचं पत्र लिहिशील तेव्हा नुसती तारीख लिही. माहेर जोडायला येतो, असलं काही लिहू नकोस. आणि इथून पुढे आपल्यात वायरीला वायरच म्हणायचं.

तुझी ताई